कृष्णवर्णीय स्त्रिया आणि त्यांचे नैसर्गिक केस (कुरळ्या केसांच्या धाग्यावरून फुटलेला फाटा)

अबोली_मेरीलँड (धागाकर्ती)

मंचावरच्या कुरळ्या केसांच्या चर्चेच्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं, "अमेरिकेतल्या काळ्या बायकांचे केस खरे असतात की सगळे विगच?" खाली हसणाऱ्या बाहुल्या पडल्या आणि गाडी पुन्हा जवसाच्या जेलवर आली. तो धागा जेलचाच राहू दे. पण या प्रश्नाला नीट उत्तर आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी वॉशिंग्टन डीसीला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहते. इथे निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची; वकील, सरकारी अधिकारी, परिचारिका, प्राध्यापक असा सुस्थितीतला वर्ग मोठा. मी इथे आले तेव्हा ऑफिसातल्या बहुतेक जणींचे केस सरळ, खांद्याशी आत वळवलेले असायचे. आता त्याच मजल्यावर बारीक वेण्या, ट्विस्ट (दोन पेडांचे पीळ), लॉक्स (जटेसारखे वळलेले केस), कानाइतका राखलेला अफ्रो (मोकळे, गोल फुगलेले नैसर्गिक केस), सगळं दिसतं. विगही दिसतात. पण आता विग घालणारी हौसेनं घालते. तेव्हा सरळ केस हे कामावर येण्याच्या कपड्यांसारखेच सक्तीचे होते.

ही सक्ती जुनी आहे. १७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी फर्मान काढलं: कृष्णवर्णीय स्त्रियांनी, मग त्या गुलाम नसल्या तरी, डोक्याला फडकं बांधायचं, केसांत पिसं आणि दागिने माळायचे नाहीत. न्यू ऑर्लिन्सच्या बायकांनी फडकी बांधली खरी, पण अशी भडक रंगांची आणि अशा नखऱ्याच्या गाठी मारून की शिक्षेचीच फॅशन झाली. (मला हा किस्सा फार आवडतो.)

पुढचा टप्पा केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा. इथे मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांचं नाव हमखास येतं आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी येतं. गरम कंगवा त्यांनी शोधलेला नाही. लोकांची धुणी धुऊन पोट भरणाऱ्या या बाईचे स्वतःचेच केस गळत होते. त्यांनी गंधक घातलेलं केसवाढीचं मलम विकलं, हजारो बायकांना विक्रीचं शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभं केलं आणि न्यूयॉर्कजवळ हडसनकाठी हवेली बांधली. केस सरळ करणारी बाई म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

१९६० च्या दशकात अफ्रो आला तो राजकारण घेऊनच. १९७० मध्ये एफबीआयनं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस यांना पकडण्यासाठी पत्रकं लावली आणि त्यांचा अफ्रो जगभर पोचला. पुढे डेव्हिस यांनी खेदानं लिहिलं की लोकांना आपण आठवतो त्या केसांमुळे. ऐंशीच्या दशकात चांगल्या नोकऱ्यांची दारं थोडी किलकिली झाली आणि रिलॅक्सरनं, म्हणजे केस सरळ करणाऱ्या रसायनानं, पुन्हा जम बसवला.

आताची लाट २००० नंतरची. तिला ना नेता होता ना संघटना. आधी इंटरनेटवरच्या गप्पांचे अड्डे आणि मग यूट्यूब. पोरींनी आपल्या न्हाणीघरात कॅमेरा लावला आणि स्वतःचे केस कसे धुवायचे, कसे विंचरायचे हे एकमेकींना शिकवलं, कारण आया आणि आज्यांनाही ते धड माहीत नव्हतं. दोन-तीन पिढ्या रिलॅक्सरवरच गेल्या होत्या. रसायन लागलेला सगळा भाग एकदम कापून टाकायचा, याला 'बिग चॉप' म्हणतात. २००८ ते २०१३ या काळात अमेरिकेत रिलॅक्सरची विक्री पावहिश्शानं उतरली.

आणि हो, आपल्या त्या धाग्यावर जे '३बी', '४ए' चालतं, ते कुरळेपणाचं वर्गीकरण टीव्हीवरच्या ऑप्रा विन्फ्रींचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्याकडून आलेलं आहे. सॅटिनची टोपी घालून झोपणं, ओल्या केसांवरच क्रीम लावणं, हेही याच बायकांनी शिकवलेलं. निदान हसण्याआधी एवढं माहीत असावं.

सदू_सातारकर

माहिती छान. पण केसांच्या आवडीनिवडीत वंशवाद शोधणं मला ओढूनताणून वाटतं. आमच्याकडे ही दर दिवाळीच्या आधी स्मूदनिंग करते, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पार्लरांत रांगा लागतात. सरळ केस सगळ्यांनाच आवडतात. हलके घ्या.

मनी_प्लांट

वाचतेय. सदू, चहा ठेव, आता मोठं उत्तर येणार :)

अबोली_मेरीलँड

सदूभाऊ, वहिनींनी स्मूदनिंग केलं नाही तर त्यांची नोकरी जाते का?

१९८१ चा खटला बघा. रेनी रॉजर्स अमेरिकन एअरलाइन्समध्ये विमानतळावर काम करत. डोक्यालगत घट्ट घातलेल्या वेण्या, म्हणजे कॉर्नरो, कंपनीला चालेनात. कंपनीनं सुचवलेला तोडगा असा की ड्यूटीवर असताना वेण्यांचा अंबाडा बांधा आणि वरून गंगावन लावा. रॉजर्स म्हणाल्या, त्यानं डोकं ठणकतं. न्यायालयानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला: अफ्रो नैसर्गिक उगवतो, वेण्या माणूस घालतो, त्या सोडता येतात, तेव्हा हा वंशभेद नाही. वेण्यांची ही पद्धत नुकतीच एका गोऱ्या नटीनं लोकप्रिय केली, हा मुद्दासुद्धा निकालपत्रात आला! शेकडो वर्षं ज्या बायका त्या घालत आल्या, त्यांना हे ऐकावं लागलं.

हा तर्क पस्तीस वर्षं टिकला. २०१० मध्ये अलाबामातल्या मोबिल शहरात एका तरुणीला फोनवर ग्राहकांशी बोलण्याची नोकरी मिळाली. मुलाखत झाली, निवड झाली, आणि मग सांगितलं की लॉक्स काप, नाहीतर नोकरी नाही. कारण काय, तर असे केस पुढे गबाळे होतात, "तुझे तसे आहेत असं मी म्हणत नाही." फोनवरची नोकरी, हे विसरू नका. २०१६ मध्ये अपील न्यायालयानंही कंपनीचंच बरोबर ठरवलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हातात घ्यायला नकार दिला.

म्हणून कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियानं ३ जुलै २०१९ ला पहिला क्राउन अ‍ॅक्ट केला: केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करायचा नाही. राज्याच्या तेव्हाच्या सिनेटर हॉली मिचेल यांनी तो मांडला. त्या स्वतः लॉक्स राखतात. त्याच महिन्यात न्यूयॉर्कनं केला. आता वीसहून जास्त राज्यांत असा कायदा आहे. देशपातळीवर मात्र २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात विधेयक मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं.

वेणी घालायला कायद्याचं संरक्षण लागतं, तिथे 'आवड' म्हणून विषय कसा संपेल?

सदू_सातारकर

गंगावनाची सक्ती हे मात्र अती आहे. बरं, ओबामांची बायको तर आठ वर्षं सरळ केसांत होती. तिला कुणी काढलं असतं?

अबोली_मेरीलँड

याचं उत्तर त्यांनीच दिलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका कार्यक्रमात मिशेल ओबामा म्हणाल्या की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालाव्यात असं मनात येऊन गेलं होतं, पण देश अजून आम्हालाच सरावत होता. केसांवर चर्चा होऊन नवऱ्याची कामं मागे पडायला नकोत म्हणून सरळच ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या चित्राचं व्हाइट हाउसमध्ये अनावरण झालं, तेव्हा त्या वेण्या घालून आल्या. आणि त्याच वर्षी केतांजी ब्राउन जॅक्सन बारीक लॉक्स राखून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या.

डॉ_रेवती

त्वचारोगाच्या बाजूनं थोडं लिहिते.

केसाची ताकद केराटिनमधल्या गंधकाच्या जोडबंधांत असते. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे सरळ भाषेत कॉस्टिक सोडा. तो हे बंध कायमचे तोडतो. टाळू भाजू नये म्हणून आधी व्हॅसलीनसारखा थर लावतात, तरी भाजते. आमच्या ओपीडीत खपल्या, जखमा घेऊन पेशंट यायच्या. आणि दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी उगवलेल्या नव्या केसांना पुन्हा तेच. आपल्याकडच्या रिबाँडिंगमध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट वापरतात, ते वेगळं रसायन. केराटिन ट्रीटमेंटमध्ये फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं, ते आणखी वेगळं. सदूभाऊ, वहिनींना लेबल वाचायला सांगा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा 'सिस्टर स्टडी' आला. ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षं पाठपुरावा. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं. वारंवार वापरणाऱ्यांत, म्हणजे आधीच्या वर्षात चारपेक्षा जास्त वेळा, ४.०५ टक्के. घाबरून जाऊ नका, हा संबंध दिसला आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक जणींना काही झालं नाही. पण ही रसायनं वापरणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के कृष्णवर्णीय होत्या, तेव्हा धोका असला तर कुणाच्या वाट्याला जास्त येतो हे उघड आहे. यानंतर अमेरिकेत उत्पादकांवर हजारो दावे दाखल झाले.

दुसरी बाजूही सांगते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं नाही. घट्ट वेण्या, जड एक्स्टेन्शन यांनी कपाळाच्या कडेचे केस ओढून ओढून कायमचे जातात, त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. रोज कडक अंबाडा बांधणाऱ्या नर्तिकांतही तो दिसतो. वेणी घालताना दुखलं तर ती सैल करायची, सहन करायचं नाही.

अवांतर: दाट वेटोळ्यांचे केस उन्हापासून टाळू थंड ठेवण्यात सरस ठरतात, असा प्रयोग टीना लसीसी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. तापमान मोजणाऱ्या पुतळ्याला वेगवेगळे विग घालून, वर दिवे लावून मोजमाप घेतलं. आफ्रिकेच्या डोक्यावरच्या उन्हात ते केस हे शरीराचं शहाणपण होतं.

पंढरीनाथ

तो विगचा प्रश्न. विगमधले बरेचसे केस आपलेच आहेत हो! तिरुपतीला नवस फेडायला केस देणाऱ्यांत मराठी माणूस कमी नाही. देवस्थान त्या केसांची लांबीप्रमाणे प्रतवारी करून ई-लिलाव करतं. एका दिशेनं लावलेले, मुळापासून कापलेले लांब केस सगळ्यांत महाग. दुसरा माल म्हणजे गुंतवळ. लहानपणी दारावर 'केसावर फुगेऽऽ' ओरडत येणाऱ्या बाया आठवतात? आजी कंगव्यातला गुंतवळ साठवून ठेवायची आणि त्यावर सुया-पिना घ्यायची. ते केस सोडवून, धुऊन, जुळवून स्वस्त विगांत जातात.

म्हणजे इथली बाई देवाला केस देते आणि तिथली बाई नोकरी टिकवायला तेच केस विकत घेते. मधले व्यापारी बंगले बांधतात.

मनी_प्लांट

पंढरीनाथ, हे वाचून माझ्या जावळाचं काय झालं असेल हा विचार चालू झालाय.

जोबर्गचा_जोशी

दक्षिण आफ्रिकेतून हजेरी. इथे तर केसांवरून माणसाची जात, म्हणजे सरकारी वंश, ठरायचा. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर कोण गोरा, कोण 'कलर्ड' (मिश्रवंशीय), कोण काळा यावर शंका आली की केसांत पेन्सिल खोचायचे. पेन्सिल गळून पडली तर एक रकाना, अडकली तर दुसरा. एकाच घरातली भावंडं यामुळे वेगवेगळ्या रकान्यांत गेली. भारतीयांना वेगळ्या गटात टाकलं होतं, त्यामुळे आपली मंडळी या पेन्सिलीपासून वाचली आणि इथली बरीच मंडळी अजूनही 'आपला काय संबंध' म्हणतात.

ऑगस्ट २०१६ मध्ये प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्समधल्या मुलींनी आंदोलन केलं. अफ्रो नीटनेटका दिसत नाही, बांधा नाहीतर सरळ करा, असं शाळेत ऐकावं लागे. १३ वर्षांची झुलैखा पटेल मुठी आवळलेले हात डोक्यावर फुलीसारखे धरून सुरक्षारक्षकांसमोर उभी राहिली. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी केसांचा तो नियम स्थगित केला. तीन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, झोझिबिनी टुंझी कातरलेल्या नैसर्गिक केसांनी मिस युनिव्हर्स झाली. स्पर्धेआधी तिला विग घाल असा सल्ला मिळत होता. सौंदर्यस्पर्धांवर माझा फारसा विश्वास नाही, पण आमच्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टनं त्या आठवड्यात केस बारीक कापले आणि कुणी 'काय झालं?' म्हणून विचारलं नाही.

सुनंदा_कोल्हापूर

मी अंनिसच्या कार्यकर्त्यांबरोबर जट सोडवण्याच्या कामात असते. मनात एक प्रश्न घोळतोय म्हणून लिहिते. आमच्याकडे बाईच्या केसांत गुंता झाला, तो धुतला-विंचरला नाही की जट होते. मग ती देवीची, तिला कात्री लावायची नाही, लावली तर घरावर संकट. पोरीला जट आली म्हणून यल्लम्माला सोडल्याच्या कहाण्या आम्ही ऐकल्यात. मान दुखते, उवा होतात, झोप लागत नाही, आणि तरी घरचे पाया पडतात. जट कापल्यावर बाई मान हलवून बघते, तो क्षण फार मोठा असतो.

आता तुम्ही सगळे लॉक्सचं कौतुक करताय. मी गोंधळलेय.

इरा_ह्यूस्टन

सुनंदाताई, मी सांगते. माझी जाऊ कृष्णवर्णीय आहे आणि तिचे लॉक्स आहेत. ते आपोआप गुंतलेले नाहीत. सुरुवातीला केसांचे चौकोनी भाग पाडून एकेक वळला जातो, नियमित शांपूनं धुतात, उगवलेला भाग दर काही आठवड्यांनी पुन्हा वळतात. तिच्या डोक्याला वास नाही की उवा नाहीत. आणि मुख्य म्हणजे उद्या मनात आलं तर ती ते कापू शकते. तुमच्याकडच्या बायकांना ती मुभा नव्हती. तुम्ही कात्री चालवता ती त्या मुभेसाठीच ना?

आता घरचं. माझी पुतणी सात वर्षांची, केस '४सी', म्हणजे वेटोळी अगदी दाट. सासूबाई नाशिकहून आल्या की त्यांचा हात शिवशिवतो. "पोरीचं डोकं बघ कसं कोरडं झालंय," म्हणून खोबरेल घेऊन बसायच्या आणि कोरड्या केसांत फणी घालायच्या. पोरगी किंचाळायची. जाऊबाई गप्प राहायच्या, कारण सासू. शेवटी दिरानंच आईला समजावलं: हा केस चपट्या काटछेदाचा आणि वेटोळ्यांचा, त्यावरून टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून तो कोरडा; आणि प्रत्येक वळणावर नाजूक, म्हणून कोरडा विंचरला की तुटतो. आधी पाणी, मग कंडिशनर, मग बोटांनी गुंता, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून मुळाकडे. सासूबाई आता रविवारी बाजूला बसून बघतात आणि जाऊबाईंच्या हातात क्लिपा देतात. आता सासूबाईंनाही ट्विस्ट घालता येतात. खोबरेल मात्र सोडलेलं नाही, ते शेवटी लावायची परवानगी मिळाली आहे.

पण या 'स्वीकारा'चा फार उदो उदो नको. रविवारची अख्खी दुपार केसांत जाते. बाहेर वेण्या घालून घ्यायच्या तर दिवसभर बसा आणि भरपूर पैसे मोजा. जाहिरातींत 'नैसर्गिक' म्हणून जी मुलगी दिसते तिची वेटोळी मोठी, लोंबती, चमकदार. ४सी वाली मागच्या रांगेत. जाऊबाई म्हणतात, पूर्वी सरळ केस हा आदर्श होता, आता लोंबती वेटोळी. आम्ही दोन्हींत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीनं पाच वर्षं नैसर्गिक राखून पुन्हा रिलॅक्सर लावला. मैत्रिणींनी तिला दगाबाज ठरवलं, तेव्हा जाऊबाईच तिच्या बाजूनं भांडल्या. दोन मुलं, दोन शिफ्ट. तिला रविवारची दुपार झोपायला हवी आहे.

आणि कायद्याचं म्हणाल तर आमच्या टेक्ससनं क्राउन अ‍ॅक्ट १ सप्टेंबर २०२३ पासून लागू केला. ह्यूस्टनजवळच्याच एका शाळेनं डॅरिल जॉर्ज या मुलाला त्याच्या आदल्या दिवसापासून वर्गाबाहेर ठेवलं. शाळेचं म्हणणं, आक्षेप लॉक्सला नाही, लांबीला आहे. कायद्यात लांबीचा शब्द नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेचंच मान्य केलं.

सुनंदा_कोल्हापूर

इराताई, 'मुभा' पटलं. जाऊबाईंची हरकत नसेल तर लॉक्स धुतानाचे फोटो मिळतील का? आमच्याकडे एकीला जट कापायची नाही पण स्वच्छ ठेवायची आहे, तिला धुण्याची पद्धत दाखवता येईल.

सदू_सातारकर

आमच्या हिनं वरचं सगळं वाचलं. केराटिनचं लेबल सापडलं नाही, पार्लरवालीनं बाटली दाखवायला नकार दिला. या दिवाळीला बघू म्हणते. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

डॉ_रेवती

बाटली दाखवत नसतील तर तिथून उठायचं, एवढंच.

नीलांबरी_सिएटल

उशिरा आले. व्यवहारातली एक शंका: लेकीच्या पोहण्याच्या टीममध्ये तिची जिवलग मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, लांब वेण्या आहेत. नेहमीची रबरी टोपी बसतच नाही, ती हल्ली सरावाला यायलाच टाळाटाळ करते. तिच्या आईशी माझी ओळख आहे पण विचारावं कसं कळत नाही. काही उपाय?

इरा_ह्यूस्टन

पुतणीसाठी आम्ही 'सोल कॅप' मागवतो, ब्रिटनमधल्या कंपनीची. वेण्या-लॉक्स मावतील अशी मोठी असते. २०२१ मध्ये जागतिक जलतरण संघटनेनं ती टोकियो ऑलिंपिकच्या आधी नाकारली होती, म्हणे डोक्याच्या नैसर्गिक आकाराला धरून नाही! खूप आरडाओरड झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर केली. त्यामुळे स्पर्धेतही चालेल, तरी तुमच्या क्लबच्या प्रशिक्षकाला आधी विचारून घ्या. मुलीच्या आईला टोपीबद्दल सरळ विचारा, त्यांना बहुधा माहीत असेलच. अडचण प्रशिक्षकाची असेल तर तुम्ही दोघी मिळून बोला. पाण्यात जायच्या आधी केस साध्या पाण्यानं भिजवून कंडिशनर लावायचा, म्हणजे क्लोरीन कमी शोषलं जातं. आणि माप घेताना वेण्या वर बांधून घ्या, नाहीतर लहान येते. आमची पहिली परत पाठवावी लागली होती.